छज्जे कापायचे की राखायचे? मुंबईतल्या १९३०च्या दशकातल्या ब्लॉकच्या इमारती

पागोळी (धागाकर्ती)

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मुंबईत ज्या ब्लॉकच्या (आताच्या भाषेत फ्लॅटच्या) इमारती झाल्या, त्यांच्या दुरुस्तीत हल्ली एक प्रकार सर्रास दिसतो. परांची बांधून झाली की पहिला घाव छज्ज्यावर. खिडक्यांवरून कोपऱ्यापर्यंत सलग फिरलेली ती पट्टी कापायची, भिंत सपाट करायची, वर चकचकीत रंग मारायचा. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची रांग आणि मरीन ड्राइव्ह ३० जून २०१८ला जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे तिथे निदान थोडा धाक आहे. माटुंगा, हिंदू कॉलनी, शिवाजी पार्कला कोण विचारतो?

ठेकेदारांचं म्हणणं ठरलेलं: "ती शोभेची वस्तू आहे. कापली की खाली कोणाच्या डोक्यात पडायची भीती गेली." हे खरं आहे का? छज्जा नुसती शोभा आहे का? आणि आतली सळई गंजली असेल तर तो वाचतो का, की कापण्यावाचून इलाजच नसतो? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, "जुनं ते सोनं" नको.

तीन_सूत

शोभा अजिबात नाही. पाऊस नैऋत्येकडून आडवा येतो. भिंतीवर पडलेलं पाणी खाली ओघळताना प्रत्येक मजल्यावर त्याला भिंतीपासून तोडायचं काम छज्जा करतो. तो काढला की वरच्या चार मजल्यांचं पाणी तळमजल्याच्या खिडकीच्या चौकटीवर उतरतं. कापल्यावर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात आतून ओल धरते. मग त्यावर वॉटरप्रूफिंगचा वेगळा खर्च. छज्जा कापून वाचवलेले पैसे तिथेच जातात.

पुढचा मुद्दा म्हणजे, छज्जा हा बहुतेक इमारतींत बीमला किंवा लिंटेलला (खिडकीवरच्या आडव्या तुळईला) एकसंध ओतलेला असतो. तो कापला की कापलेल्या तोंडाशी सळयांची टोकं उघडी पडतात. ती सिमेंटने लिंपून टाकतात आणि गंज त्याच टोकांतून बीमच्या आत शिरतो. म्हणजे एक बदलता येणारा भाग वाचवायचा सोडून रोग थेट बीमला दिला.

गच्चीवरचा_कावळा

छज्जे गेले तर कबुतरांनी जायचं कुठे, याचाही विचार व्हावा.

खडीसाखर

@कावळा, एसीच्या बाहेरच्या डब्यावर. त्यांची पुनर्वसन योजना मंजूर आहे.

नकाशेवाला

थोडा इतिहास लिहितो, म्हणजे या इमारती अशा का दिसतात ते कळेल.

१८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंगा-शीवच्या आखलेल्या वसाहती ही त्याचीच करणी. जे. पी. ऑर ट्रस्टचे प्रमुख असताना त्यांनी उजेड आणि वाऱ्याचा हिशेब कोनात बसवला: समोरच्या मोकळ्या जागेच्या पलीकडच्या कडेपासून इमारतीच्या माथ्याकडे रेघ काढली तर ती साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त चढी नको. साध्या भाषेत, उंचीच्या निम्मी जागा मोकळी सोडा. चाळीस फूट उंच भिंत तर वीस फूट मोकळं. माटुंग्यात दोन इमारतींमध्ये झाड वाढायला जागा आहे, ती या रेघेची कृपा.

बॅकबे भरावाची, म्हणजे मरीन ड्राइव्हकडचा समुद्र भरून काढण्याची, गोष्ट वेगळी. १९२०मध्ये सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांची ही महत्त्वाकांक्षा. खर्च हाताबाहेर गेला, खुर्शीद नरिमन यांनी प्रकरण लावून धरलं आणि भरावाचा मोठा भाग अर्धवट सोडावा लागला. जी जमीन तयार झाली तिच्यावर तिसाव्या दशकात एकाच धाटणीच्या, जवळपास एकाच उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या. भूखंडांच्या अटींत उंची आणि कडेची मोकळी जागा ठरवून दिलेली होती, म्हणून ती रांग एका हाताने काढल्यासारखी वाटते. हात अर्थात अनेक. जे. जे. मध्ये शिकलेली भारतीय वास्तुविशारदांची पहिली मोठी फळी यातली. ग. बा. म्हात्रे यांचं एम्प्रेस कोर्ट ओव्हलवर आणि १९३७चा सूना महल मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर जरूर बघा. सूना महलचा कोपरा दोन रस्त्यांना एकदम तोंड कसं देतो ते बघण्यासारखं आहे.

आता छज्ज्याकडे. आधीच्या पद्धतीत लोखंडी किंवा लाकडी तुळया आणि वर लादीकोबा (लाद्या आणि त्यावर चुन्याचा थर). त्यात दोन फूट बाहेर लोंबणारी पातळ पट्टी कोपऱ्यातून वळवता येत नाही, ब्रॅकेट लावावे लागतात. आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट) आलं आणि ते जमलं. १९३६मध्ये दहा कंपन्या एकत्र होऊन एसीसी ही सिमेंट कंपनी झाली, म्हणजे देशी सिमेंटचा पुरवठाही तोवर जमला होता. तो छज्जा म्हणजे त्या काळातल्या नव्या मालाची उघड जाहिरात होती, हे मान्य. पण कामाची जाहिरात.

ओव्हलची_सावली

उत्तम प्रतिसाद नकाशेवाला. मात्र या आर्ट डेको धाटणीच्या इमारतींच्या संख्येत "आशियात मायामीनंतर आपणच दुसरे" वगैरे कोणी लिहायच्या आत सांगते, सगळ्या शहराची पूर्ण मोजणी झाल्याशिवाय असे क्रमांक लावू नयेत. जागतिक वारसा क्षेत्रात आर्ट डेको आणि व्हिक्टोरियन मिळून ९४ इमारती आहेत. बाकीचं शहर त्याच्या बाहेर आहे.

खडीसाखर

@ओव्हलची_सावली, मायामी आशियात कधी आलं?

ओव्हलची_सावली

भरावात.

उलटा_सुलटा

तीन_सूत आणि नकाशेवाला, एक शंका. छज्जा पावसासाठी म्हणता, आणि उन्हासाठीही असतो असं ऐकलंय. मरीन ड्राइव्हच्या इमारतींचं तोंड पश्चिमेला. दुपारी चारनंतर सूर्य समोर येतो, तेव्हा दोन फुटांचा छज्जा काय कामाचा? ओव्हलच्या रांगेचं तोंड पूर्वेला, तिथेही सकाळी तेच. म्हणजे निम्म्या इमारतींवर तो शोभेचाच झाला की.

नकाशेवाला

प्रश्न रास्त आहे. दक्षिणेच्या भिंतीवर हिशेब सरळ बसतो. मुंबईचा अक्षांश साधारण १९, त्यामुळे डिसेंबरात भर दुपारी सूर्य सुमारे ४७ अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जा तेव्हा खाली दोन फुटांहून थोडी जास्त सावली टाकतो, म्हणजे खिडकीचा वरचा भाग झाकतो. मार्च-एप्रिलमध्ये सूर्य वर चढल्यावर अख्खी खिडकी सावलीत.

पश्चिमेला तिरप्या उन्हासमोर छज्जा हरतो, ते खरंच. म्हणूनच मरीन ड्राइव्हला खोल गॅलऱ्या आहेत आणि खोल्या त्यांच्या मागे. छज्जा तिथे पावसाचं खातं सांभाळतो. आणि नेमक्या त्याच गॅलऱ्या लोकांनी काचा लावून बंद केल्या. त्यात भर म्हणून सागवानी कवाडं काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. कवाडं पूर्ण उघडतात, सरकती खिडकी कितीही सरकवा, निम्मीच उघडते. वारा अर्ध्यावर आणला आणि मग एसी घेतला.

उलटा_सुलटा

पटलं. पावसाचं खातं मान्य.

चुनखडी

रंगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. यातल्या बऱ्याच इमारतींत चौकट आरसीसीची, पण भरणीच्या विटांच्या भिंतींवर चुना किंवा चुना-सिमेंट मिश्र गिलावा असतो. सुरीने खरवडून बघा: पांढरी भुकटी सहज निघाली तर चुना जास्त, करडा आणि कठीण लागला तर सिमेंट. चुन्याच्या गिलाव्यावर रबरासारखा ताणणारा "दहा वर्षं गॅरंटी" रंग मारला की भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही. दोन पावसाळ्यांत फुगे येतात आणि रंगाबरोबर गिलाव्याचा पापुद्राही सुटतो. सिलिकेटचा श्वास घेणारा रंग किंवा चुन्याची रंगसफेदी हेच तिथे चालतं.

मूळ रंग शोधायचा असेल तर छज्ज्याच्या खालच्या बाजूला, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे रुपयाएवढी जागा बारीक सँडपेपरने तिरकी घासायची. थरांच्या गोल कड्या दिसतात. सगळ्यात आतली कडी ती मूळची. बहुतेक ठिकाणी फिकट बदामी किंवा पिवळट निघतो आणि पट्ट्यांना वेगळा रंग. सध्याचा गुलाबी-जांभळा संयोग कोणाची आवड आहे हे शोधायला सँडपेपर लागत नाही.

रोखठोक_दादरकर

सगळं छान. पण पैसे कोण देणार? १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. १९९९चा कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला तरी जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात वर्षाला चार टक्क्यांची वाढ. इतक्या भाड्यात मालक छज्जा राखेल? उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी) इमारत असेल तर दुरुस्ती मंडळाकडे जा, तिथे खर्चाची मर्यादा. शेवटी विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७)खाली पुनर्विकास. म्हणून म्हणतो, छज्ज्यांचं कौतुक चर्चगेटला ठीक आहे.

ओव्हलची_सावली

@रोखठोक, उपकराची तारीखही तीच बघा: १ सप्टेंबर १९४०च्या आधीची इमारत 'अ' वर्गात, त्यानंतर १९५०अखेरपर्यंतची 'ब', आणि सप्टेंबर १९६९पर्यंतची 'क'. त्यामुळे इमारत नेमकी कधीची हा प्रश्न हौसेचा राहत नाही. आणि नुसतं रूप बघून वर्ष सांगू नका, ही धाटणी पन्नाशीच्या दशकातही चालू होती. युद्धात सिमेंट आणि पोलादावर नियंत्रण आलं, बांधकाम मंदावलं, नंतर त्याच धाटणीचं थोडं साधं रूप पुढे चालू राहिलं. पालिकेची कर आकारणीची जुनी नोंद आणि मंजूर नकाशा हाच पुरावा.

तीन_सूत

रोखठोक, पैशाचा मुद्दा बरोबर, निष्कर्ष नाही. परांचीचा खर्च छज्जा कापला तरी होतोच, राखला तरी होतोच. फरक राहतो तो मजुरी आणि दुरुस्तीच्या पॉलिमर मालाचा.

बैठी_चाळ

विषय निघालाच आहे तर: त्याच डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्याच विसाच्या दशकात बीडीडी चाळीही बांधल्या. वरळी १२१, नायगाव ४२, ना. म. जोशी मार्ग ३२, शिवडी १२, एकूण २०७. त्याही आरसीसीच्याच. कामगाराला एक खोली आणि टोकाला सामायिक संडास, तर ओव्हलला ब्लॉकच्या आत दोन न्हाणीघरं. सिमेंट सगळ्यांना मिळालं, नळ नाही.

नकाशेवाला

@बैठी_चाळ, नेमकं बोललात. ब्लॉकच्या नकाशात मागची बाजू बघा. तिथे दुसरा जिना असतो, बहुतेकदा लोखंडी गोल किंवा अरुंद काँक्रीटचा. नोकरांसाठी, आणि सफाई करणाऱ्याला घरात न येता संडासाच्या मागच्या दारापर्यंत पोचता यावं म्हणून. पुढचा जिना मोझॅकचा, उंच काचेच्या पट्टीतून उजेड येणारा, आणि मागचा हा. आधुनिक घराची जाहिरात जोरात होती. १९३७च्या नोव्हेंबरात टाऊन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने आयडियल होम प्रदर्शन भरवलं होतं. पण जात मागच्या जिन्याने येतच होती.

आता बहुतेक ठिकाणी त्या जिन्यावर कुंड्या आणि मोडके पाळणे. आग लागली तर बाहेर पडायचा तोच दुसरा मार्ग आहे, तो मोकळा ठेवा.

वाचनमात्र

पुढच्या जिन्याच्या मोझॅकला डाग पडले असतील तर ॲसिडने धुवावं का? सफाईवाले तेच सुचवतात.

चुनखडी

मुळीच नको. मोझॅकमधले चिप्स संगमरवराचे, म्हणजे चुनखडीच्याच घराण्यातले. ॲसिड त्यांना खातं, आधी लकाकी जाते, मग खड्डे पडतात, मग त्यात मळ बसतो आणि पुन्हा ॲसिड. साध्या सौम्य साबणाने धुवा. फारच झिजलं असेल तर घासाई: साठ नंबरच्या दगडाने सुरुवात, मग एकशेवीस, मग तीनशेवीस, प्रत्येक वेळी पाणी मारत. चिरेत भरायला पांढरं सिमेंट, रंग आणि त्याच मापाचे चिप्स. नमुना आधी लादीच्या तुकड्यावर करून वाळल्यावर जुळवायचा, ओला रंग फसवतो. पितळेच्या पट्ट्या उखडून विकल्या गेल्या असतील तर त्याला इलाज नाही.

पागोळी

सगळ्यांचे आभार, भरपूर मिळालं. पण मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. गंजलेला छज्जा वाचवायचा कसा? पायऱ्या सांगाल का तीन_सूत?

तीन_सूत

लिहितो. लांबेल.

आधी रोग समजून घ्या. त्या काळचं काँक्रीट साधारण एक-दोन-चार मापाचं (सिमेंट, वाळू, खडी), सळया गुळगुळीत गोल, टोकाला आकडा वळवलेल्या, छज्ज्यात बहुधा तीन सूत, म्हणजे तीन अष्टमांश इंच. सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम अर्धा इंच. हवेतला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) वर्षानुवर्षं आत झिरपतो, काँक्रीटचा अल्कलीपणा जातो आणि सळईचं संरक्षण संपतं. समुद्राजवळ त्यात मीठ. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आवरण आतून फुटतं. यात इमारतीच्या वयाइतकंच आवरण किती आहे तेही महत्त्वाचं.

तपासणी: लहान हातोडीने फूट-फूट अंतरावर ठोकायचं, पोकळ आवाज आला की खडूने खूण. मग ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा. गुलाबी झालं तर काँक्रीट जिवंत, रंग चढला नाही तर कर्बवायू तिथवर पोचलाय. रिबाउंड हातोडीच्या (पृष्ठभागावर आपटून कडकपणा मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. कर्बवायूने वरचा थर कडक होतो आणि आकडा फुगतो.

आता सगळ्यात मोठी चूक. छज्जा बाहेर लोंबतो, त्यामुळे त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. कामगार खालून फोडतात, खाली काही जाड सळई दिसत नाही, म्हणतात "यात लोखंडच नाही, कापा." किंवा वरून भिंतीलगत फोडतात आणि छज्जा मोकळा होतो. म्हणून फोडायच्या आधी खालून टेकू, आणि सलग फोडायचं नाही. तीन-चार फुटांचा तुकडा एक सोडून एक. काही ठिकाणी मूळ ओतताना कामगारांच्या पायाखाली सळया दबून खाली गेलेल्या असतात. तसं निघालं, भिंतीलगत वरून सलग तडा असेल, तर तो तुकडा खरंच नव्याने ओतावा लागतो. पण मापात मूळचाच.

काँक्रीट सळईच्या मागे वीस-पंचवीस मिलिमीटर जाईपर्यंत काढायचं, कडा ग्राइंडरने काटकोनात. सळई चकाकेपर्यंत साफ. व्यास कॅलिपरने मोजा: व्यास दहा टक्के घटला तर क्षेत्रफळ जवळपास वीस टक्के गेलं. तिथे शेजारी नवी सळई, बीममध्ये भोक पाडून रासायनिक अँकरने, खोली अभियंत्याने ठरवलेली. मग झिंक प्रायमर, मग बाँड कोट (जुना-नवा माल सांधणारा थर), आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर. बाँड कोट वाळल्यावर वर माल मारला तर तोच दोघांना वेगळं करतो. हे सगळ्यात जास्त वेळा चुकतं, कारण कोट मारून लोक जेवायला जातात. मॉर्टर दहा-बारा मिलिमीटरच्या थरांत. पन्नास मिलिमीटरच्या पुढे खोली असेल तर साचा लावून मायक्रो काँक्रीट (बारीक खडीचं, ओतता येणारं).

वरच्या अंगाला बाहेर उतार आणि भिंतीशी वाटा, म्हणजे सांध्यात गोलाकार गिलावा. खालच्या अंगाला कडेपासून इंचभर आत पाणी तोडणारी खाच, भिंतीच्या दोन इंच अलीकडे थांबवलेली. खाच भिंतीपर्यंत नेली तर पाणी तिच्यातूनच भिंतीकडे चालत येतं. जुनी खाच रंगाच्या थरांनी बुजलेली असते, निम्म्या तक्रारी तिथेच असतात.

जुना_अभियंता

उत्तम. एक भर: जिथे मीठ शिरलंय तिथे फक्त फुटलेली जागा भरली तर दोन-तीन वर्षांत ठिगळाच्या शेजारी गंज उठतो. आधी गंजणारी जागा शेजारच्या सळईला नकळत वाचवत होती. ती दुरुस्त झाली की पाळी शेजारच्याची. म्हणून क्लोराइडची (मिठाची) चाचणी करा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो. त्याच्या वर निघालं तर ठिगळात जस्ताचे छोटे ॲनोड (सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) बांधावेत किंवा फोडायची हद्द वाढवावी.

छज्ज्यावर विटांचा कोबा घालून "वॉटरप्रूफिंग" करणाऱ्यांना हात जोडून विनंती: करू नका. तीन-चार इंच जाडीच्या लोंबत्या पट्टीवर तेवढंच वजन पुन्हा ठेवताय. एसीही तिच्यावर नको.

रोखठोक_दादरकर

एवढं सगळं लिहून निविदेत "छज्जा दुरुस्ती, रनिंग फूट" एवढीच ओळ असते. मग ठेकेदार कापणारच.

तीन_सूत

हे मात्र शंभर टक्के. निविदेत फोडायची खोली, सळई बदलण्याचा वेगळा दर, मॉर्टरच्या प्रत्येक थराचा दर आणि खाच वेगळी लिहा. न लिहिलेलं काम कोणी करत नाही.

ओव्हलची_सावली

आणि वारसा यादीत किंवा वारसा परिसरात इमारत असेल तर दर्शनी भाग बदलण्याआधी वारसा संवर्धन समितीकडे जाणं भाग आहे, १९९५च्या नियमावलीपासून. छज्जा कापणं "दुरुस्ती" म्हणून खपवता येत नाही. शिवाय तीस वर्षांवरच्या इमारतीला पालिकेच्या ३५३ब कलमाखाली संरचनात्मक तपासणी लागतेच. त्याच अहवालात छज्ज्याचं वेगळं कलम मागून घ्या.

पागोळी

शेवटची शंका. कोपऱ्यावरच्या गोलाईच्या पट्ट्या आणि इमारतीचं उठावाचं नाव गिलाव्याबरोबर जाणार असेल तर?

चुनखडी

फोडायच्या आधी नावावर बटर पेपर ठेवून पेन्सिलने घासून एकास एक मापाचा छाप घ्या, आणि बाजूला पट्टी ठेवून फोटो. पट्ट्यांसाठी शाबूत राहिलेल्या भागावरून जस्ताच्या पत्र्याचा फर्मा कापून लाकडाला ठोका. गवंडी तो ओल्या गिलाव्यावरून ओढत नेतो. गोलाईला फर्मा मध्यबिंदूवर खिळ्याने अडकवलेल्या पट्टीच्या टोकाला बांधायचा, नाहीतर वळण डुलतं. आणि फर्मा काम संपल्यावर सोसायटीच्या कपाटात ठेवा, गवंड्याबरोबर जाऊ देऊ नका.

गच्चीवरचा_कावळा

कपाटाची किल्ली सेक्रेटरीकडे. म्हणजे फर्मा गेलाच.